१.७ टक्क्यांचा फरक: एका रुग्णालयसमूहातील फिशिंग प्रशिक्षणाचा प्रकरण अभ्यास

संस्थेतील कर्मचाऱ्यांना फिशिंगचे, म्हणजे विश्वासू व्यक्ती किंवा संस्थेचा आव आणून फसवणारे, ईमेल ओळखायला शिकवले की संस्था अधिक सुरक्षित होते, हे गृहीतक सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात इतके रुळले आहे की ते पडताळून पाहण्याची गरज फार थोड्यांना वाटली. अमेरिकेत आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थांना हिपा या आरोग्य-माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यातील सुरक्षा नियमानुसार आपल्या सर्व मनुष्यबळासाठी सुरक्षा-जागरूकतेचे प्रशिक्षण चालवावेच लागते. लेखापरीक्षक त्याची नोंद पाहतात, सायबर विमा देणाऱ्या कंपन्या त्याविषयी विचारणा करतात, आणि या मागणीवर प्रशिक्षण-साहित्य व सरावाचे नकली फिशिंग ईमेल पुरवणारा एक मोठा उद्योग उभा राहिला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील आरोग्यसेवा विभागात २०२३ मध्ये हे गृहीतक कसोटीला लावण्यात आले. आठ महिने, सरावाच्या दहा मोहिमा आणि १९,५०० हून अधिक कर्मचारी अशी त्या प्रयोगाची व्याप्ती होती. प्रशिक्षण मिळालेले कर्मचारी आणि ते न मिळालेले कर्मचारी यांच्या चुकण्याच्या, म्हणजे सरावाच्या ईमेलला बळी पडण्याच्या, प्रमाणात जो फरक आढळला, तो सरासरी अवघा १.७ टक्क्यांचा होता.

२०२५ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या सुरक्षा व गोपनीयता परिषदेत हा शोधनिबंध मांडला गेल्यानंतर ‘प्रशिक्षण निरुपयोगी असते’ असा त्याचा सरसकट अर्थ काढला गेला. मला तो अर्थ घाईचा वाटतो. प्रयोगाने जे दाखवले ते त्याहून मर्यादित आहे, आणि सायबर सुरक्षा शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने त्याहून कितीतरी अधिक उपयोगाचे आहे. म्हणून या प्रकरणात काय तपासले गेले, कसे तपासले गेले आणि त्या आकड्यांवरून काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही, हे येथे सविस्तर मांडले आहे.

रुग्णालयाची पार्श्वभूमी

हा प्रयोग रुग्णालयात झाला, याला महत्त्व आहे. रुग्णालयातील परिचारिका, तंत्रज्ञ, बिलिंग विभागातील कर्मचारी किंवा शिकाऊ डॉक्टर यांचे मुख्य काम ईमेल वाचणे हे नसते. दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत, सामायिक संगणकावर, अर्धवट लक्ष देऊन ते ईमेल पाहतात. त्याच वेळी त्यांच्या हाती असलेली माहिती मात्र अत्यंत संवेदनशील असते, आणि यंत्रणा बंद पडली तर त्याची झळ थेट रुग्णांना बसते.

सॅन डिएगोमध्ये हे प्रत्यक्ष घडलेले होते. मे २०२१ मध्ये त्याच परिसरातील दुसऱ्या एका रुग्णालयसमूहावर रॅन्समवेअरचा, म्हणजे यंत्रणा ठप्प करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. शेजारच्या, हल्ला न झालेल्या आपल्याच रुग्णालयांवर त्याचा काय परिणाम झाला याचा अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी केला आणि तो २०२३ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हल्ल्याच्या काळात त्यांच्या तातडीच्या विभागात रुग्णांची आणि रुग्णवाहिकांची गर्दी वाढली, प्रतीक्षेचा वेळ वाढला, आणि पक्षाघाताच्या संशयित रुग्णांसाठी तातडीचे पथक बोलावण्याचे प्रसंग ५९ वरून १०२ वर गेले. म्हणजे ज्या संस्थेत फिशिंग प्रशिक्षणाचा प्रयोग झाला, तिला सायबर हल्ल्याची किंमत केवळ कागदोपत्री ठाऊक होती असे नाही. तिने शेजारच्या संस्थेची किंमत स्वतःच्या तातडीच्या विभागात मोजली होती. वैद्यकशास्त्रात एखादे औषध देण्यापूर्वी तुलना-गट ठेवून त्याची परीक्षा घेण्याची शिस्त आहे, आणि ही शिस्त अंगवळणी पडलेली माणसे या प्रयोगातही संशोधक म्हणून सहभागी होती. सुरक्षा-प्रशिक्षणाला तीच शिस्त लावणे त्यांना स्वाभाविक वाटले असावे.

प्रयोगाची मांडणी

या संस्थेत दोन प्रकारचे प्रशिक्षण चालू होते, आणि दोन्हींची परीक्षा घेण्यात आली. पहिले म्हणजे दरवर्षी सर्वांनी पूर्ण करावयाचे सायबर सुरक्षेचे अनिवार्य प्रशिक्षण. दुसरे म्हणजे ज्याला या क्षेत्रात अंतर्भूत प्रशिक्षण म्हणतात ते: संस्था स्वतःच कर्मचाऱ्यांना नकली फिशिंग ईमेल पाठवते, आणि जो कर्मचारी त्यातील दुव्यावर क्लिक करतो त्याच्यासमोर लगेच एक पान उघडते, ज्यावर त्याची चूक कुठे झाली आणि असे ईमेल कसे ओळखावेत हे समजावलेले असते. चूक झाली त्याच क्षणी शिकवल्यास मन अधिक ग्रहणशील असते, ही त्यामागची कल्पना आहे आणि ती शैक्षणिक दृष्ट्या अगदीच पोकळ नाही.

दुसऱ्या प्रकारासाठी कर्मचाऱ्यांची यादृच्छिक पद्धतीने पाच गटांत वाटणी करण्यात आली. एका गटाला क्लिक केल्यावरही शिकवणारे पान दाखवले गेले नाही. हा तुलनेसाठी ठेवलेला गट होता. उरलेल्या चार गटांना चार वेगवेगळ्या प्रकारचे प्रशिक्षण मिळाले: फिशिंगविषयी सर्वसाधारण सूचना किंवा आत्ताच आलेल्या त्या विशिष्ट ईमेलमधील खुणा उलगडून दाखवणारा मजकूर, आणि या दोन्हींचे नुसते वाचण्याचे किंवा प्रश्नोत्तरांतून पुढे जाण्याचे रूप. आमिषेही निरनिराळ्या विषयांची निवडण्यात आली होती.

वार्षिक प्रशिक्षणाच्या बाबतीत कुणालाही वगळून तुलना-गट तयार करणे शक्य नव्हते, कारण ते अनिवार्य होते. येथे संशोधकांनी वापरलेली युक्ती मला विशेष उल्लेखनीय वाटते. प्रत्येक कर्मचाऱ्याने हे प्रशिक्षण वर्षातील वेगवेगळ्या वेळी पूर्ण केलेले असते, त्यामुळे कोणत्याही एका मोहिमेच्या दिवशी काहींचे प्रशिक्षण नुकतेच झालेले असते तर काहींचे होऊन बरेच महिने लोटलेले असतात. प्रशिक्षणाचा परिणाम होत असेल आणि तो काळानुसार ओसरत असेल, तर नुकतेच शिकलेल्यांनी कमी चुका करायला हव्यात. तसे काहीच दिसले नाही. प्रशिक्षण होऊन किती दिवस झाले आणि कर्मचारी आमिषाला बळी पडला की नाही, यांत लक्षणीय संबंध आढळला नाही. कोणताही वेगळा खर्च न करता, संस्थेकडे आधीच असलेल्या नोंदींवरून हा निष्कर्ष काढता आला. ज्या संस्था वर्षानुवर्षे अशा नोंदी जपून ठेवतात, त्यांपैकी बहुतेकींना हे उत्तर आजही काढता येईल.

काय आढळले

अंतर्भूत प्रशिक्षणाने चुकण्याचे प्रमाण सरासरी १.७ टक्क्यांनी कमी केले, हे वर आलेच आहे. फरक खरा होता, पण इतका लहान की व्यवहारात त्यावर भिस्त ठेवता येणार नाही. पहिल्या महिन्यात सुमारे १० टक्के कर्मचाऱ्यांनी क्लिक केले होते. आठव्या महिन्याच्या अखेरीस निम्म्याहून अधिक कर्मचाऱ्यांनी किमान एकदा तरी क्लिक केलेले होते. या दुसऱ्या आकड्याकडे मी पुनःपुन्हा लक्ष वेधू इच्छितो. फिशिंगला बळी पडणारी माणसे म्हणजे कुणी वेगळी, निष्काळजी अल्पसंख्या असते आणि तिला शोधून सुधारले की प्रश्न सुटतो, हा समज त्याने खोटा ठरतो. पुरेसे महिने थांबले आणि पुरेशी वेगवेगळी आमिषे टाकली, तर बहुसंख्य माणसे कधी ना कधी क्लिक करतात.

प्रशिक्षणाचा परिणाम इतका कमी का, याचे एक साधे कारण नोंदींतूनच दिसते. शिकवणारे पान उघडल्यावर ७५ टक्के प्रसंगी कर्मचाऱ्यांनी त्यावर एक मिनिट किंवा त्याहून कमी वेळ घालवला. एक तृतीयांश प्रसंगी तर ते पान उघडताक्षणीच बंद केले गेले. जे वाचलेच गेले नाही, त्याच्या मजकुराची गुणवत्ता कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग होणार नव्हता.

आकडे वाचताना

या प्रयोगातील सर्वात बोलका आकडा प्रशिक्षणाविषयी नाहीच. तो आमिषांविषयी आहे. आउटलुकचा पासवर्ड बदलण्यास सांगणाऱ्या ईमेलवर केवळ १.८२ टक्के लोकांनी क्लिक केले. संस्थेच्या रजेच्या धोरणात बदल झाल्याचे सांगणाऱ्या ईमेलवर ३०.८ टक्के लोकांनी क्लिक केले. तीच संस्था, तीच माणसे, तेच वर्ष. फक्त विषय बदलला आणि प्रमाण जवळजवळ सतरा पटींनी वाढले.

याचा परिणाम किती दूरवर जातो ते पाहावे. असंख्य संस्थांमध्ये सुरक्षा-प्रशिक्षणाचे यश मोजण्याची एकच रीत आहे: दर महिन्याचे किंवा दर तिमाहीचे क्लिकचे प्रमाण काढायचे आणि ते खाली येत असल्याचा आलेख वरिष्ठांपुढे ठेवायचा. एखाद्या अधिकाऱ्याने वर्षाच्या सुरुवातीला रजेच्या धोरणाचा ईमेल पाठवला आणि अखेरीस आउटलुकच्या पासवर्डचा, तर कुणीही काहीही न शिकता क्लिकचे प्रमाण ९४ टक्क्यांनी घटल्याचे त्याला दाखवता येईल. क्रम उलटा केला, तर तेच प्रशिक्षण अनर्थकारी ठरेल. यात अप्रामाणिकपणा असायलाच हवा असे नाही. आमिषाची काठिण्यपातळी न मोजता केवळ क्लिक मोजणाऱ्या प्रत्येकाच्या हातून हे नकळत घडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, २०२० मध्ये ‘फिश स्केल’ ही पद्धत मांडली ती याच अडचणीवर उपाय म्हणून. ईमेलमध्ये संशय यावा अशा खुणा किती आहेत आणि तो ईमेल वाचणाऱ्याच्या रोजच्या कामाशी किती मिळताजुळता आहे, या दोन बाजूंनी त्याची काठिण्यपातळी ठरवली जाते. रजेच्या धोरणाचा ईमेल दुसऱ्या कसोटीवर अतिशय कठीण ठरेल, कारण रजा हा प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचा विषय आहे आणि तशी खरी पत्रेही येतच असतात.

दुसरी काळजी घ्यावी लागते ती निवडीच्या परिणामाची. या प्रयोगात असे आढळले की ज्यांनी प्रश्नोत्तरांचे प्रशिक्षण शेवटपर्यंत पूर्ण केले, ते पुढच्या वेळी बळी पडण्याची शक्यता सुमारे १९ टक्क्यांनी कमी होती. हा आकडा एकटा उचलून ‘प्रश्नोत्तरांचे प्रशिक्षण १९ टक्के परिणामकारक असते’ असे सांगणे सोपे आहे, आणि साहित्य विकणाऱ्याला तो मोह होणारच. परंतु कोणत्या गटात कोण जाईल हे यादृच्छिकपणे ठरले होते. प्रशिक्षण पूर्ण कोण करील हे मात्र प्रत्येकाने स्वतः ठरवले. जो माणूस कामाच्या घाईतही थांबून प्रश्नांची उत्तरे देतो, तो कदाचित मुळातच अधिक सावध असेल आणि प्रशिक्षणाशिवायही त्याने कमी चुका केल्या असत्या. हा संशय बळावतो तो त्याच प्रयोगातील दुसऱ्या आकड्यामुळे: नुसते वाचण्याचे प्रशिक्षण अनेकदा पूर्ण करणाऱ्यांची बळी पडण्याची शक्यता उलट १८.५ टक्क्यांनी अधिक होती. वाचनामुळे माणसे बिघडली असे म्हणावे, की जी माणसे पुनःपुन्हा चुकतात त्यांच्यासमोरच ते पान पुनःपुन्हा येते असे म्हणावे? निव्वळ पूर्ण करणाऱ्यांकडे पाहून हे ठरवता येत नाही. म्हणूनच विश्वासार्ह उत्तर तेच, जे नेमून दिलेल्या संपूर्ण गटांची तुलना करून मिळते, मग त्यातील कुणी प्रशिक्षण पूर्ण केलेले असो वा नसो. ते उत्तर १.७ टक्के आहे.

तिसरी गोष्ट रचनेची आहे. अंतर्भूत प्रशिक्षण केवळ चुकणाऱ्यापर्यंत पोहोचते. समजा शंभरांपैकी दहा जण क्लिक करतात, त्यांतले तिघे पान लगेच मिटतात आणि आणखी चौघे ते ओझरते पाहतात. मग एका मोहिमेतून खरोखर काही शिकण्याची संधी शंभरांपैकी तिघांनाच मिळते. पुढच्या महिन्यात चुकणारे बहुधा वेगळेच असतात. ही गणना केवळ समजण्यासाठी केली आहे, परंतु तिच्यातील प्रमाणे प्रयोगातील निरीक्षणांपासून दूर नाहीत, आणि मजकूर कितीही सुधारला तरी परिणामाची कमाल मर्यादा का ठेंगणी राहते हे तिच्यावरून कळते.

आधीचे पुरावे वेगळे का होते

कार्नेगी मेलन विद्यापीठात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५१५ विद्यार्थी व कर्मचाऱ्यांवर अशाच अंतर्भूत प्रशिक्षणाचा प्रयोग झाला होता, आणि तेथे शिकलेले २८ दिवसांनंतरही टिकून असल्याचे दिसले होते. या आणि अशा अभ्यासांच्या आधारावरच पुढे हा उद्योग वाढला. जर्मनीतील एका शासकीय कार्यालयातील ४०९ कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात, जो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, प्रशिक्षणाचा परिणाम चार महिन्यांनंतर शिल्लक होता आणि सहा महिन्यांनंतर उरला नव्हता. त्या टप्प्यावर चित्रफीत किंवा संवादात्मक उदाहरणे यांच्या साहाय्याने उजळणी दिली की तो परत आला. याच्या उलट, झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी एका मोठ्या कंपनीत १५ महिने १४,७३३ कर्मचाऱ्यांवर केलेल्या प्रयोगात अंतर्भूत प्रशिक्षणाने कर्मचारी अधिक सावध झाले नाहीत, उलट काही प्रमाणात अधिक सहज फसले.

हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण प्रत्येकाने नेमके काय मोजले ते पाहिले की विरोध पुष्कळसा ओसरतो. जर्मनीतील अभ्यासात कर्मचाऱ्यांना ईमेल दाखवून त्यांतले खरे कोणते आणि नकली कोणते हे विचारण्यात आले होते. म्हणजे तेथे ओळखण्याची क्षमता मोजली गेली. सॅन डिएगो आणि झ्युरिकच्या प्रयोगांत माणूस रोजच्या कामात, कुणी पाहत नसताना काय करतो हे मोजले गेले. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या मांडल्या होत्या: शिकणाऱ्याची प्रतिक्रिया, त्याने मिळवलेले ज्ञान, त्याच्या वागण्यातील बदल, आणि संस्थेला मिळालेला परिणाम. ओळखण्याची चाचणी दुसऱ्या पातळीवर थांबते. ‘आमच्या ९८ टक्के कर्मचाऱ्यांनी प्रशिक्षण पूर्ण केले’ अशा धर्तीचा अहवाल तर पहिल्या पातळीपर्यंतही पोहोचत नाही. शंका घेऊन पाहायला सांगितले तर माणूस नकली ईमेल ओळखू शकतो. त्याला अडचण येते ती शंका घेण्याची आठवण योग्य क्षणी होण्याची, आणि दिवसाला डझनावारी ईमेल उघडणाऱ्याला ती प्रत्येक वेळी होईल अशी अपेक्षा करणे हा कामाच्या स्वरूपावरच अन्याय आहे.

झ्युरिकच्या संशोधकांनी उलट्या परिणामाचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे दिले की प्रशिक्षणाचे पान पाहिल्यावर संस्था आपले रक्षण करीत आहे असा फाजील विश्वास काहींच्या मनात निर्माण झाला असावा. सॅन डिएगोत असा उलटा परिणाम गटांच्या तुलनेत दिसला नाही. दोन्ही ठिकाणी समान आहे ते इतकेच: मोठ्या संस्थेत, प्रत्यक्ष कामाच्या परिस्थितीत, तुलना-गट ठेवून मोजले की या प्रशिक्षणाचा लाभ शून्याच्या आसपास येतो.

कौशल्य नेमके कोणाचे वाढवायचे

येथपर्यंतचे विवेचन कर्मचाऱ्यांविषयी होते. या प्रकरणातून सायबर सुरक्षेचे काम करणाऱ्यांच्या कौशल्याविषयी जे निघते, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते.

एखादा फिशिंग ईमेल १,००० जणांना मिळाला आणि प्रशिक्षणाच्या अपार यशामुळे प्रत्येकाची क्लिक करण्याची शक्यता हजारात एक इतकी खाली आली असे मानू. तरीही किमान एकाने क्लिक करण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के राहते. याउलट त्या हजारांपैकी प्रत्येकाने तो ईमेल सुरक्षा पथकाला कळवण्याची शक्यता केवळ एक टक्का असेल, तरी किमान एकजण कळवेल हे जवळपास निश्चित असते. हल्लेखोराला एक क्लिक पुरतो, पण रक्षण करणाऱ्यालाही एक इशारा पुरतो, अट इतकीच की त्या इशाऱ्यावर कुणीतरी लगेच काम करील. झ्युरिकच्या प्रयोगात ईमेलमध्ये कळवण्याचे बटण दिले गेले होते. पहिल्या पाच मिनिटांत सुमारे १० टक्के आणि अर्ध्या तासात ३० ते ४० टक्के सूचना आल्या, आणि १५ महिन्यांत कर्मचाऱ्यांचा हा उत्साह ओसरला नाही. तेव्हा कर्मचाऱ्यांना एखादे कौशल्य शिकवायचेच असेल तर ते हे शिकवावे, असे माझे ठाम मत आहे: संशय आला, किंवा क्लिक झाल्यानंतर लक्षात आले, तरी न घाबरता ताबडतोब कळवणे. जेथे चुकणाऱ्याचे नाव यादीत येते, तेथे हे कौशल्य रुजत नाही. डिसेंबर २०२० मध्ये गोडॅडी या कंपनीने सुट्टीच्या बोनसचे आमिष दाखवणारा सरावाचा ईमेल आपल्याच कर्मचाऱ्यांना पाठवला आणि नंतर तिला क्षमा मागावी लागली; अशा सरावाने कर्मचारी आणि सुरक्षा पथक यांच्यातील जो विश्वास तुटतो, त्याच विश्वासावर कळवणे अवलंबून असते.

इशाऱ्यावर काम करणाऱ्यांचे कौशल्य किती निर्णायक ठरते, हे आयर्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेवरील २०२१ च्या हल्ल्यातून दिसते. १८ मार्चला एका कर्मचाऱ्याने फिशिंग ईमेलसोबत आलेली एक्सेलची फाइल उघडली. संपूर्ण देशाची रुग्णालये ठप्प करणारे रॅन्समवेअर सुरू झाले १४ मे रोजी. मधल्या आठ आठवड्यांत धोक्याच्या सूचना आल्या होत्या. त्या पहिल्या संगणकावरील अँटिव्हायरस केवळ नोंद घेण्याच्या स्थितीत ठेवलेला असल्यामुळे त्याने काही अडवले नाही, आणि इतर सूचनांचा अर्थ लावून वेळीच कृती झाली नाही. त्या एका क्लिकवर सगळा दोष टाकला तर शिकण्यासारखे बहुतेक सारे हातातून निसटते. क्लिकनंतरच्या आठ आठवड्यांत सूचना तपासणे, त्यांची सांगड घालणे आणि संशयित संगणक वेगळा काढणे ही प्रशिक्षित माणसांची कामे होती.

तिसरा मार्ग म्हणजे क्लिक झाले तरी नुकसान होऊ नये अशी व्यवस्था. गुगलने २०१८ मध्ये जाहीर केले की सुरक्षा-किल्ली, म्हणजे लॉगिनसाठी वापरायचे छोटे भौतिक उपकरण, सक्तीचे केल्यापासून तिच्या ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांपैकी कुणाचेही कामाचे खाते फिशिंगने ताब्यात गेल्याची नोंद नाही. असे उपकरण संकेतस्थळाचा पत्ता स्वतः तपासते. नकली पानावर ते उत्तरच देत नाही, त्यामुळे माणसाची फसगत झाली तरी हल्लेखोराच्या हाती काही लागत नाही. २०१९ मध्ये गुगलनेच प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोबाइलवर येणाऱ्या एसएमएस संकेतांकाने घाऊक फिशिंगचे ९६ टक्के हल्ले रोखले, पण ठरावीक व्यक्तीवर नेम धरलेल्या हल्ल्यांपैकी ७६ टक्केच; सुरक्षा-किल्लीने दोन्ही प्रकारांत सगळे रोखले. सॅन डिएगोच्या संशोधकांची शिफारसही याच दिशेची आहे: दुहेरी पडताळणी, आणि योग्य पत्त्यावरच पासवर्ड भरणारे पासवर्ड व्यवस्थापक. १.७ टक्क्यांशेजारी हे आकडे ठेवले की मर्यादित निधी कुठे घालावा याविषयी फारशी शंका उरत नाही. रॅन्समवेअर आणणाऱ्या जोडपत्रांवर मात्र सुरक्षा-किल्लीचा इलाज चालत नाही, हे ध्यानात ठेवावे लागते. तेथे ईमेलची गाळणी, संगणकावरील निर्बंध आणि सजग पथक यांनाच पर्याय नाही.

शिकवणाऱ्यांच्या तयारीविषयी

एनआयएसटीच्या ‘नाइस’ चौकटीत सायबर सुरक्षेतील कामांचे वर्णन कार्ये, ज्ञान आणि कौशल्ये यांच्या विधानांतून केलेले आहे. २०१७ च्या आवृत्तीत अभ्यासक्रम रचणारा आणि शिकवणारा अशा स्वतंत्र भूमिकाही आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये याच संस्थेने शिक्षण-कार्यक्रम उभारण्याविषयीची आपली जुनी मार्गदर्शिका सुधारून प्रसिद्ध केली आणि मूल्यमापनाला कार्यक्रमाचा कायमचा भाग मानले. कागदावर दिशा योग्य आहे. प्रत्यक्षात जागरूकता-कार्यक्रम चालवणाऱ्याला संकल्पचित्रे, प्रश्नमंजूषा आणि नियमांची माहिती असते, पण यादृच्छिक वाटणी, तुलना-गट, निवडीचा परिणाम आणि आमिषाची काठिण्यपातळी यांची ओळख क्वचितच करून दिलेली असते. सॅन डिएगोच्या प्रयोगातील एकही संख्याशास्त्रीय कल्पना पदवीच्या पहिल्या वर्षापलीकडची नाही. सायबर सुरक्षेच्या अभ्यासक्रमात ती क्वचितच शिकवली जाते, याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण तिच्याअभावी उद्याचे सुरक्षा अधिकारी पुरवठादाराचा आलेख जसाच्या तसा स्वीकारतील.

अशा प्रयोगासाठी १९,५०० कर्मचारी लागतातच असे नाही, मात्र परिणाम १.७ टक्क्यांइतका लहान असेल तर तो लहान संस्थेत दिसणार नाही, हे मान्य करायला हवे. दोनशे माणसांच्या संस्थेने क्लिकच्या प्रमाणातील चढउतारांवरून काहीच अनुमान काढू नये. तिला मोजता येतील अशा दुसऱ्या गोष्टी आहेत: पहिली सूचना येण्यास किती मिनिटे लागली, सूचना आल्यापासून तो ईमेल सर्वांच्या खात्यांतून काढून टाकण्यास किती वेळ गेला, सूचना देणाऱ्याला उत्तर मिळाले का, आणि किती खात्यांवर फिशिंगला न जुमानणारी पडताळणी लागू झाली. मोठ्या संस्थेत एखादा नवा उपाय सर्वांनाच द्यायचा असेल आणि कुणालाही कायमचे वंचित ठेवणे योग्य वाटत नसेल, तर तो विभागांना टप्प्याटप्प्याने द्यावा आणि कोणत्या विभागाची पाळी कधी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. कळवण्याचे नवे बटण पहिल्या महिन्यात शस्त्रक्रिया विभागाला, तिसऱ्या महिन्यात लेखा विभागाला आणि पाचव्या महिन्यात प्रयोगशाळेला मिळाले, तर ज्यांची पाळी अजून आलेली नाही ते सगळे तोपर्यंत तुलना-गट ठरतात, आणि सहाव्या महिन्यात बटण सर्वांकडे असते व त्याचा उपयोग झाला की नाही याचे उत्तरही संस्थेकडे असते.